दगडाचा पत्ता

मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात कोआत्लिकुए या देवीची मूर्ती उभी आहे. अडीच मीटरच्या आसपास उंची, एकाच दगडातली. मान तुटलेली, आणि त्या तुटलेल्या मानेतून रक्ताच्या चिळकांड्या उडाव्यात तसे दोन साप वर आलेले. ते एकमेकांसमोर तोंड करतात आणि त्या दोन तोंडांचा मिळून तिचा चेहरा होतो. गळ्यात तळहातांची आणि काळजांची माळ, मधोमध कवटी. कमरेला सापांची वीण घातलेलं वस्त्र. पायांना नख्या. तिच्यासमोर माणूस थबकतोच. पण तिच्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट समोरून दिसत नाही. तिच्या तळाला, जो भाग जमिनीला टेकतो तिथे, भूमीच्या देवतेची आणखी एक आकृती कोरलेली आहे. घाईत केलेल्या खुणा नव्हेत, पूर्ण, निगुतीने केलेलं काम.

१३ ऑगस्ट १७९० रोजी शहराच्या मुख्य चौकात खोदकाम चालू असताना ही मूर्ती वर आली. आंतोनिओ दे लेऑन इ गामा या विद्वानाने १७९२ साली तिचं वर्णन छापलं. तळाची आकृती त्याने पाहिली होती आणि ती त्याला पटेना. जे कुणाला दिसणारच नाही ते कोण कशाला कोरील? म्हणून त्याने तर्क केला की मूर्ती जमिनीवर नसणारच, कोपरांखाली खांब देऊन ती उंचावर तोलून धरलेली असणार. माणूस हुशार होता, मेहनती होता. पण कोरलेली गोष्ट म्हणजे पाहायची गोष्ट, हे त्याने धरूनच चाललं होतं. ज्यांनी ती घडवली त्यांच्या लेखी तळाची आकृती माणसांसाठी नव्हती, मातीसाठी होती. भूमीची देवता भूमीला पाठ न दाखवता, तिच्याकडे तोंड करून बसवलेली. मेशिका लोकांच्या, म्हणजे आपण ज्यांना ॲझटेक म्हणतो त्यांच्या, शिल्पांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. वेटोळं घातलेला दगडी साप उलटा करून पाहिला तर पोटाकडची बाजूही कोरलेली निघते.

ओल्मेक, माया, झापोटेक, मिश्टेक, तेओतिवाकानचे लोक, मेशिका. मध्य मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंतच्या पट्ट्यात अडीच हजारांहून जास्त वर्षं नांदलेल्या या समाजांच्या कलेबद्दल आपण बोलतो तेव्हा ‘गूढ’, ‘रहस्यमय’, ‘हरवलेली संस्कृती’ असे शब्द तोंडी येतात. मला हे शब्द मान्य नाहीत. त्यातलं पुष्कळसं गूढ आपण तयार केलेलं आहे. त्या प्रत्येक चिन्हाला पत्ता होता. कुठल्या देवळासमोर, कुठल्या डोंगराच्या पोटात, कुठल्या पायरीवर, कुणाच्या शेजारी. पत्ता हा त्या चिन्हाचा अर्धा अर्थ आहे. तो पुसून दगड बाजारात आणायचा, आणि मग तो बोलत नाही म्हणून त्याला गूढ म्हणायचं, हे गेली दोन शतकं चाललं आहे. या वस्तूंची खरेदी-विक्री बंद झाली पाहिजे, नेलेल्या वस्तू परत गेल्या पाहिजेत, आणि त्या राजधानीपर्यंत पोचल्या म्हणजे काम झालं असं कुणी मानू नये, असं माझं ठाम मत आहे. मूळ गाव हाही हक्कदार आहे.

पत्त्याची किंमत काय असते हे पाहायचं तर पिएद्रास नेग्रासला जावं. ग्वाटेमालात उसुमासिंता नदीच्या काठी, दाट जंगलात हे माया शहर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मोठे अभ्यासक असं मानत होते की माया शिलालेखांत फक्त पंचांग आहे. ग्रहताऱ्यांचा हिशेब, कालगणना, देवांची नावं. शिळांवर कोरलेली माणसं म्हणजे पुजारी किंवा देव. इतिहास त्यात नाही. तातियाना प्रोस्कुरियाकोफ ही रशियात जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली, वास्तुरचनेचं शिक्षण घेतलेली बाई तिथे गेली ती पडक्या इमारती मूळच्या कशा दिसत असतील याची चित्रं काढायला. तिच्या लक्षात आलं की शिळा वाटेल तशा उभ्या नाहीत. त्या गटागटाने आहेत, एकेका देवळासमोर एकेक गट. आणि बऱ्याच गटांची सुरुवात एकाच प्रकारच्या शिळेने होते: कोनाड्यात उंचावर बसलेला माणूस, खाली शिडी, आणि शिडीवर पावलांचे ठसे.

मग तिने तारखा मांडल्या. प्रत्येक गटात एका तारखेपुढे आकाशाकडे तोंड करून बसलेल्या बेडकासारखं चिन्ह. त्यानंतर काही वर्षांनी, कुठे बारा, कुठे तीस, दुसरी तारीख. तिच्यापुढे फडकं बांधलेलं डोकं, दाढ दुखायला लागली की आपल्याकडे गालावरून बांधतात तसं. अभ्यासकांत त्या चिन्हाचं नावच ‘दाढदुखी’ पडलं होतं. आणि कुठल्याही एका गटातल्या तारखांचा पल्ला एका माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब जात नाही. बेडूक म्हणजे जन्म. बांधलेलं डोकं म्हणजे राज्यारोहण. कोनाड्यातला माणूस देव नाही, गादीवर बसलेला राजा आहे. शेजारच्या शिळांवर झग्यातल्या आकृती आहेत त्या राण्या आहेत. १९६० साली तिने हा लेख प्रसिद्ध केला आणि माया इतिहासाला माणसं मिळाली. लिपीतली अक्षरं उच्चारांची आहेत हे युरी क्नोरोझोव्हने १९५२ मध्येच दाखवायला सुरुवात केली होती. पुढे हे दोन्ही धागे एकत्र आले आणि आज त्या राजांची नावं आपण उच्चारू शकतो.

इथे एका गोष्टीकडे मला पुन्हा लक्ष वेधायचं आहे. प्रोस्कुरियाकोफला ती लिपी वाचता येत नव्हती. एकही शब्द न वाचता तिने त्यातला इतिहास ओळखला. कशाच्या जोरावर? कुठली शिळा कुठल्या देवळासमोर, कुणाच्या शेजारी होती, याची पक्की नोंद तिच्या हाती होती म्हणून. टेओबर्ट मालेर या छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या शिळांचे फोटो जागेसकट काढून ठेवले होते, नंतर उत्खनन करणाऱ्यांनी नकाशे काढले. या शिळा आधीच पांगून दहा देशांतल्या दहा दिवाणखान्यांत गेल्या असत्या, तर त्या राजांना आपण अजून पुजारी म्हणत बसलो असतो.

आणि तिचा लेख प्रसिद्ध झाला त्याच दशकात जंगलात करवती शिरल्या. युरोप-अमेरिकेत अशा शिल्पांना भाव आला होता. शिळेचं वजन कित्येक टन, ती आख्खी उचलता येत नाही. मग दर्शनी भाग पातळ कापून काढायचा, जसा फळीचा पापुद्रा. कधी छिन्नीने फोडायचा, कधी जाळ करून दगड तडकवायचा. कडेच्या बाजूंवर मजकूर असतो, तारखा असतात. त्या वाटेत येतात म्हणून छाटून टाकायच्या. राजाचा चेहरा भिंतीवर टांगण्यासारखा असतो. त्याचं नाव आणि जन्मतारीख चुरा होऊन झाडाखाली पडते. माया शिलालेखांची नोंद करण्यात आयुष्य घालवलेल्या इयन ग्रॅहॅम या संशोधकाच्या एका सहकाऱ्याला १९७१ साली लुटारूंनी गोळी घालून मारलं. लिलावाच्या गुळगुळीत कागदावर ‘एका युरोपीय संग्रहातून’ असं छापलेलं असतं तेव्हा त्या तीन शब्दांच्या मागे काय काय असू शकतं, ते हे आहे.

पिएद्रास नेग्रासच्या ९ क्रमांकाच्या शिळेचा एक तुकडा, राजाच्या शिरोभूषणातलं शिकारी पक्ष्याचं मुंडकं, २०१९ साली पॅरिसच्या लिलावात आलं. मालेरच्या जुन्या फोटोत तोच भाग शिळेवर साबूत दिसतो. ग्वाटेमालाने हरकत घेतली, विक्री मागे घेतली गेली आणि २०२१ मध्ये तुकडा मायदेशी परत गेला. चोरी पकडली गेली ती फोटो होता म्हणून. ज्यांचा फोटो कुणी काढला नव्हता त्यांची विक्री मुकाट झालेली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅरिसलाच मेक्सिकोने तीसेक वस्तूंवर हक्क सांगितला, लिलाव थांबवा म्हणून विनंती केली. लिलाव झाला. मेक्सिकोत १९७२ पासून स्पॅनिश आक्रमणापूर्वीची प्रत्येक वस्तू राष्ट्राची मालमत्ता आहे, आणि अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी १८२७ पासूनची आहे. तरीही तिकडचा कायदा इकडे लागू नाही, विकत घेणारा ‘सद्भावनेने’ घेतो आहे, ही ढाल पुढे केली जाते. ज्या वस्तूचा दुसरा हिस्सा जंगलात ताजा कापलेला उभा आहे ती सद्भावनेने विकत घेता येत नाही.

‘बाजार बंद केला तर लूट थांबेल का?’ असं विचारणारे असतात. एका दिवसात नाही थांबणार. पण तो दगड कापणारा माणूस हौसेने कापत नाही. त्याला मिळतात चार पैसे, तेही मधल्या दलालामार्फत, आणि ते मिळतात कारण दुसऱ्या टोकाला लाख मोजणारा कुणी बसलेला आहे. ते टोक कापलं की करवत कशाला चालेल?

आता २०१२ ची आठवण काढतो, कारण इथे आपण मराठी माणसंही त्या गोष्टीत येतो. त्या वर्षी २१ डिसेंबरला जग बुडणार, माया कॅलेंडर संपणार, हे घराघरांत पोचलं होतं. टीव्हीवर तासतासभर कार्यक्रम झाले. आमच्या इमारतीत एका बाईंनी त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवलं नाही. आणि पडद्यावर मागे चित्र कुठलं? मोठं गोल दगडी चक्र, मधे जीभ बाहेर काढलेला चेहरा. ते चक्र माया लोकांचं नाहीच. तो मेशिकांचा सूर्यशिला म्हणून ओळखला जाणारा दगड, कोआत्लिकुएनंतर चार महिन्यांनी, १७ डिसेंबर १७९० ला त्याच चौकात सापडलेला. व्यास साडेतीन मीटरहून जास्त. माया शहरांच्या भरभराटीनंतर पाच-सहाशे वर्षांनी आणि शेकडो किलोमीटर लांब घडवलेला. त्यावर वीस दिवसांची चिन्हं आहेत हे खरं, पण त्यावरून तारीख काढता येत नाही. मधल्या चेहऱ्याभोवतीच्या चार चौकटींत आधी होऊन गेलेले चार सूर्य आहेत, चार युगं: वाघ, वारा, अग्निवर्षाव आणि पाणी. चार चौकटी आणि मधला गोल मिळून पाचव्या, चालू युगाचं चिन्ह होतं, ‘चार हालचाल’. एकाच आकृतीत विश्वाचा आख्खा इतिहास बसवलेला आहे, आणि आपण तो मृत्यूची सूचना म्हणून पाहिला. पुण्यात एका टॅटूच्या दुकानात ‘मायन डिझाइन’ म्हणून तेच चक्र भिंतीवर लावलेलं मी अजूनही पाहतो.

खरा मजकूर काय होता? त्या तारखेचा उल्लेख माया शिलालेखांत अगदी मोजका. एक तोर्तुगेरोचा, मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यातला. त्या जागेवर पुढे सिमेंटचा कारखाना आला, शिळेचे तुकडे झाले, काही संग्रहालयात गेले, काही परदेशात, काही कायमचे नाहीसे. मजकूर मुळात सातव्या शतकातल्या एका राजाचा आणि त्याने बांधलेल्या वास्तूचा. आपली वास्तू काळाच्या केवढ्या मोठ्या वाटचालीत उभी आहे हे सांगण्यासाठी त्याने पुढच्या एका टप्प्याचा उल्लेख केला. दुसरा उल्लेख २०१२ मध्येच, सगळा गोंधळ चालू असताना, ग्वाटेमालातल्या ला कोरोना इथे सापडला. ही जागा म्हणजे एक वेगळीच कहाणी. १९६० च्या दशकात एकाच धाटणीची, फार सुंदर शिल्पं बाजारात यायला लागली. ती कुठून कापली हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून अभ्यासकांनी त्या अज्ञात शहराला ‘साइट क्यू’ नाव दिलं. ‘क्यू’ स्पॅनिशमधल्या ‘के?’, म्हणजे ‘कुठलं?’ या प्रश्नावरून. शहर गायब, त्याची शिल्पं मात्र जगभर. तो पत्ता शोधायला तीन-चार दशकं गेली. अखेर तिथल्या एका जिन्याचे जे कोरीव दगड लुटारूंच्या हाती लागले नव्हते, ते जागच्या जागी मिळाले. त्यात २०१२ ची तारीख होती. आणि मजकूर? इ. स. ६९६ मध्ये कालाकमुल या माया शहराचा राजा या गावी येऊन गेला, त्याची नोंद. लढाईत हरलेला राजा आपलं वजन अजून आहे हे दाखवायला मित्रांच्या गावी जातो, आणि त्याचं नाव पुढच्या युगाशी जोडलं जातं. जगबुडी वगैरे काही नाही. राजकारण आहे, मानी माणसाची धडपड आहे. दगड जागेवर होता म्हणून हे कळलं.

पत्ता गेला की वस्तूचं नाव कसं जातं याचं आणखी एक उदाहरण व्हिएन्नात आहे. क्वेत्साल पक्ष्याच्या शेकडो हिरव्या पिसांचं, सोन्याच्या टिकल्या लावलेलं ते भव्य शिरोभूषण, ज्याला जग ‘मोक्तेसुमाचा मुकुट’ म्हणतं. मोक्तेसुमा म्हणजे स्पॅनिश आक्रमणाच्या वेळचा मेशिका राजा. ऑस्ट्रियाच्या एका आर्चड्यूकच्या संग्रहाच्या १५९६ च्या यादीत त्याची नोंद ‘मूर लोकांची’, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांची, ‘टोपी’ अशी आहे. नंतर कुणी त्याला कमरेचं वस्त्र म्हटलं, कुणी निशाण. ते डोक्यावर घालायचं आहे हे झेलिया नटॉल या संशोधिकेने १८८८ मध्ये पटवून दिलं. मोक्तेसुमाने ते घातलं होतं याला आधार नाही. मेक्सिको ते मागत आला आहे, २०२० साली उसनं तरी द्या अशी विनंती झाली, तीही नाकारली गेली. पिसं इतकी नाजूक झाली आहेत की प्रवासातल्या थरथरीने ती तुटतील, असं दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून केलेल्या पाहणीत निघालं. ही अडचण मी खरी मानतो. पिसं झडत असतील तर उद्याच विमानात घाला असं मी म्हणणार नाही. पण ते कुठे, कसं ठेवायचं, कधी हलवायचं, याचा निर्णय मेक्सिकोचा असला पाहिजे. ‘हलवता येत नाही’ आणि ‘आमचं आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यातून दुसरं निघत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा नेहमी पुढे येतो, आणि तो खोटा नाही. १९८५ च्या नाताळात मेक्सिकोच्याच राष्ट्रीय संग्रहालयातून शंभराहून जास्त अनमोल वस्तू चोरीला गेल्या. बहुतेक काही वर्षांनी परत मिळाल्या. म्हणून ‘त्यांना सांभाळता येत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेनची पोथीही आठवावी. माया लिपीतल्या उरलेल्या चार पोथ्यांपैकी ही सगळ्यात देखणी. शुक्राच्या उदयास्तांची आणि ग्रहणांची गणितं त्यात आहेत. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती पाण्याने खराब झाली. आणि पोथ्या चारच का उरल्या? १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पुस्तकांची होळी केली. ती पाहून लोकांना किती यातना झाल्या हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. युरोपात काही वाचलं, हे मान्य. पण कशापासून वाचलं?

परत द्यायचं म्हणजे कुणाला द्यायचं, हा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो टाळून ‘परत द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. मेक्सिको सिटीच्या त्याच संग्रहालयाच्या दारात, रस्त्यावर, एक अवाढव्य दगडी देव उभा आहे. साधारण सात मीटर उंच, वजन १६८ टन. पावसाचा देव त्लालोक म्हणून तो ओळखला जातो. काहींच्या मते ती पाण्याची देवी आहे. तो कोआत्लिंचान गावाजवळच्या एका घळीत शतकानुशतकं आडवा पडलेला होता. नवं संग्रहालय उभं राहत होतं, सरकारला दर्शनी भागात तो हवा होता. गावाने विरोध केला. लोकांनी अवजड गाडीच्या टायरांतली हवा सोडली, यंत्रांची मोडतोड केली, आणि शेवटी लष्कर आलं. १६ एप्रिल १९६४ ला देव निघाला. रात्री राजधानीत पोचला तेव्हा धो धो पाऊस पडला, पावसाळा नसताना. बदल्यात गावाला शाळा, रस्ता, दवाखाना मिळाला. २००७ मध्ये चौकात देवाची प्रतिकृती बसवली. ही लूट परक्याने केलेली नाही. स्वतंत्र मेक्सिकोने स्वतःच्या अभिमानासाठी स्वतःच्याच एका गावाचा देव नेला. मला पॅरिसच्या लिलावाइतकाच या प्रकाराचा त्रास होतो, कारण इथेही तेच घडलं: घळ, पाण्याची वाट, पाऊस मागायला येणारी माणसं हे सगळं मागे राहिलं आणि रस्त्यावर एक मोठं शिल्प आलं.

कोआत्लिकुएच्या बाबतीत याच्या उलटं झालं होतं. विद्यापीठाच्या आवारात तिला ठेवली तर मूळ रहिवासी मेणबत्त्या, फुलं घेऊन यायला लागले. अधिकारी घाबरले. ज्या धर्माचा नायनाट झाला म्हणून निर्धास्त होते तो अडीचशे वर्षांनी रांग लावून उभा होता. त्यांनी मूर्ती पुन्हा पुरली. १८०३ मध्ये हुम्बोल्ट या जर्मन संशोधकाला पाहायची होती म्हणून उकरली, आणि तो गेल्यावर परत पुरली. पाहुण्या विद्वानाने पाहिलेली चालते, घरच्या माणसाने हात जोडलेले चालत नाहीत.

मे २०२३ मध्ये मध्य मेक्सिकोतल्या चाल्कात्सिंगो गावचा ९ क्रमांकाचा दगड अमेरिकेतून मेक्सिकोत परतला. टनभर वजनाचा, ओल्मेक काळाच्या शैलीतला, अडीच हजारांहून जास्त वर्षं जुना. समोरून पाहिलं तर पृथ्वीचं उघडलेलं तोंड: वर दोन डोळे, खाली चार पाकळ्यांच्या फुलासारखा जबडा, कोपऱ्यांतून रोपं उगवलेली. जबड्याच्या मधोमध आरपार भोक आहे आणि त्याची खालची कड घासून गुळगुळीत झालेली आहे. त्यातून काहीतरी, कदाचित माणसंच, आत-बाहेर जात असावीत, वर्षानुवर्षं. आता त्याच गावच्या डोंगरावरचं १ क्रमांकाचं शिल्प पाहा. तिथे तेच तोंड बाजूने कोरलेलं आहे, अर्धं. आत एक व्यक्ती बसलेली, तोंडातून वाफेसारखी वळणं बाहेर पडतायत, आणि वर ढगांतून पावसाचे थेंब. डोंगरातली गुहा श्वास सोडते, त्याचे ढग होतात, ढगांचा पाऊस होतो. डोंगरावर ते बाजूने सांगितलं आहे, खाली वस्तीत समोरून. एक चित्र पाहायचं, दुसऱ्यातून आत शिरायचं. दोन्ही मिळून एक बोलणं होतं. मधली पन्नासेक वर्षं त्या बोलण्याचा अर्धा भाग अमेरिकेत होता. परत आल्यावर तो दगड क्वेर्नावाकाच्या संग्रहालयात ठेवला गेला, आणि ते संग्रहालय आहे मेशिकांचं राज्य जिंकणाऱ्या हर्नान कोर्तेस या स्पॅनिश सरदाराच्या वाड्यात. परतीचा आनंद मला झालाच. पण डोंगर चाल्कात्सिंगोला आहे.

गावात सुरक्षा कुठून आणणार, असं कुणी म्हणेल. ओआहाका राज्यात सांता आना देल वायेसारख्या झापोटेक गावांनी १९८० च्या दशकापासून स्वतःची छोटी संग्रहालयं उभी केली आहेत, गावसभेने निवडलेली माणसं ती चालवतात. प्रत्येक १६८ टनांच्या देवाला हे जमणार नाही, प्रत्येक गावाला नको असेल. पण विचारायला तर हवं. ग्वाटेमालात १९९५ च्या करारात मूळ रहिवाशांच्या धर्मस्थळांच्या कारभारात त्यांचा सहभाग असावा हे सरकारने मान्य केलं आहे. लिहिलेलं आहे, आता पाळायचं आहे.

आणि विचारायचं ते जिवंत माणसांना. ‘लुप्त झालेले माया’ हे वाक्य वर्तमानपत्रांतून हद्दपार व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत साठ लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला माया म्हणवलं. किचे, काकचिकेल, केकची, माम अशा तीसच्या आसपास माया भाषा आज बोलल्या जातात. मेशिकांची नावाट्ल भाषा सोळा लाखांहून अधिक लोक बोलतात. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात दिवस मोजणारे जाणकार २६० दिवसांचं चक्र अजून मोजतात, मूल जन्मलं की दिवस बघतात, आणि ते चक्र पूर्ण होतं तेव्हा मोमोस्तेनांगोत धूप जाळतात.

म्हणूनच आपल्याकडे फिरणारा एक मजकूर वाचला की मला राग येतो. तुम्हालाही आला असेल. ‘माया संस्कृती म्हणजे आपला मयासुर. त्यांच्या शिल्पांत हत्ती आहेत. ते आपलेच वंशज.’ पाठवणाऱ्यांत शिकलेली, प्रेमळ माणसं असतात, अभिमानाने पाठवतात. त्यातला हत्ती होंडुरासमधल्या कोपानच्या ‘बी’ शिळेवरचा. शंभर वर्षांपूर्वी काही युरोपीय अभ्यासकांनाही तो हत्तीच वाटला होता. शिळेच्या वरच्या कोपऱ्यांत लांब वळलेलं काहीतरी आहे, सोंडेसारखं. ती सोंड नाही, मकाव पोपटाची चोच आहे. आणि हे अंदाजाने सांगत नाही. शिळेवर लिहिलेलंच आहे: ‘मो विट्स’, मकाव डोंगर. इ. स. ७३१ मध्ये वाशाक्लाहुन उबाह काविल या राजाने ती उभी केली, स्वतः त्या डोंगराच्या तोंडात उभा राहिला, आणि डोंगराचं नाव दगडावर कोरून ठेवलं. ‘माया’ हे नावही मयासुरावरून आलेलं नाही. ते युकातानमधलं, मायापान शहराशी जोडलेलं आहे, आणि या सगळ्या लोकांना एकत्र ते नाव नंतर अभ्यासकांनी लावलं.

त्या राजाने पत्ता स्वतःच्या हाताने लिहून ठेवला, आणि आपण त्यावर आपलं नाव टाकतो. कुणाच्या पूर्वजांची कामगिरी काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकणं याला मी लूटच म्हणतो, त्यासाठी करवत लागत नाही इतकंच. युरोपातल्या लोकांनी हेच केलं होतं. इतकं भव्य काम या ‘रानटी’ लोकांनी केलं असेल हे पटेना, म्हणून इजिप्तचे लोक आणले, बुडालेली खंडं आणली, बायबलातल्या हरवलेल्या टोळ्या आणल्या. आपण मयासुर आणतो. शब्द बदलले तरी म्हणणं एकच, की ही माणसं एकटी एवढं करू शकली नसती. वसाहतवादाचा चटका ज्यांनी सोसला त्यांच्या तोंडी तर हे शोभत नाही.

पुढच्या वेळी तो मजकूर आला तर मी पाठवणाऱ्याला उलट उत्तर लिहितो, आणि तुम्हीही लिहा. हत्तीचं चित्र मोठं करून चोच दाखवा. सूर्यशिलेचा टी-शर्ट घातलेला मुलगा भेटला तर त्याला चार युगांची नावं सांगा. ऐकून त्याला तो शर्ट जास्तच आवडेल. आणि ऑनलाइन कुणी ‘अस्सल प्री-कोलंबियन’, म्हणजे कोलंबसाच्या आधीचा, तुकडा विकायला ठेवलेला दिसला तर एवढंच विचारा: हा कुठल्या गावचा?

२०१२ मध्ये आपण जगबुडीची वाट पाहत होतो तेव्हा ग्वाटेमालातल्या इशिम्चे या काकचिकेलांच्या जुन्या राजधानीत माया लोकांनी एक नवी शिळा उभी केली. मजकूर काकचिकेलमध्ये, लिपी प्राचीन. १९८० च्या दशकापासून माया तरुण भाषाशास्त्रज्ञांच्या कार्यशाळांत बसून ती लिपी पुन्हा शिकत होते, लांदाच्या होळीनंतर चारशे वर्षांनी. शिळेवर तारीख आहे आणि ती इशिम्चेतच उभी आहे.